कोपऱ्यातलं बटण

नूतन,

हा लेख लांबणार आहे आणि या वेळी तुला त्याला कात्री लावता येणार नाही. इतकी वर्षं मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य तू निम्मं केलंस. ‘माणूस स्क्रीनवर दोन ओळी वाचतो गं, तिसऱ्या ओळीला त्याला गॅसवरचं दूध आठवतं,’ असं म्हणत माझ्या परिच्छेदांवर काट मारत सुटायचीस. आता मार म्हणावं. मी मला हवं तेवढं लिहिणार आहे. आणि खरं सांगायचं तर तुझ्या त्या कात्रीशिवाय कुठे थांबायचं हेच मला कळेनासं झालंय.

लोक फोन करतात, ऑफिसात येऊन भेटतात आणि म्हणतात, सुटली बिचारी. मला या शब्दाचा भयंकर राग येतो. सुटायची घाई तुला कुठे होती? तुला बोलायचं होतं, तेही कोणी बटण दाबून न देता. एवढी एकच गोष्ट तू मागत होतीस, आणि ती आम्हां कुणाला देता आली नाही. हे ‘सुटली’ म्हणणाऱ्यांना कसं समजावू?

आपण काय करायचो हे तुझ्याच नात्यातल्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर सगळे खूश. तर अंधेरीला, मरोळच्या त्या झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावरच्या ऑफिसात बसून आपण हाउसिंग सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर विकत होतो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सभेची इतिवृत्तं, पार्किंगवरची भांडणं सोडून सगळं त्यात होतं. ते गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा बसवताना जे पाच-सहा स्क्रीन येतात, ‘स्वागत’, ‘मला मान्य आहे’, ‘पुढे’, ‘पुढे’, ‘समाप्त’, तो इन्स्टॉलर हे माझं काम. आणि तिथे अडकलेल्या माणसांचे फोन घेणं हे तुझं. मी घोळ घालायचा आणि तू निस्तरायचा, अशी आपली वाटणी होती.

मग तुला फोनचा कंटाळा आला. ‘फोनवर लोक खोटं बोलतात यार. दोनदा सांगितलं की लाजतात, झालं झालं म्हणतात आणि ठेवून देतात. आपण घरी जाऊन बघू.’ मला वाटलं, चला, बाहेर फिरायला मिळेल. पण तू मला ज्या शिक्षेवर नेत होतीस तिची मला कल्पना नव्हती. मुलुंडच्या पहिल्याच घरात, सोसायटीच्या खजिनदार बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि तू माझ्या कानात म्हणालीस, ‘मांडीखाली हात घाल.’ मला वाटलं गंमत करतेस. ‘गंमत नाही. तुझे हात शिवशिवतात. आणि तोंड उघडायचं नाही. ती अडकली तरी नाही.’

तेव्हापासून तोच नियम. दोघींनी मागे बसायचं, हात मांडीखाली, आणि समोरचा माणूस माझ्या स्क्रीनवर चाचपडताना बघत राहायचं. नूतन, तुला खोटं वाटेल, पण मला सगळ्यात जास्त दमवणारं काम तेच होतं. त्या खजिनदार बाईंना ‘कुठे बसवायचं?’ असा प्रश्न आला. त्यांनी शांतपणे हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, ‘आहे तिथेच ठीक आहे, खिडकीपाशी ऊन येतं.’ माझे हात मांडीखालून निघालेच होते. तू नुसतं माझ्याकडे बघितलंस. बाई सात-आठ मिनिटं तिथेच बसून राहिल्या, घाबरून, जणू परीक्षेला बसल्यात. परतताना रिक्षात मी तुझ्यावर उखडले. एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? तू म्हणालीस, ‘आज सांगशील. उद्या ती एकटी असताना कोण सांगणार?’

दुसऱ्याच दिवशी मी तो प्रश्न काढून टाकला. तू बरोबर होतीस. पण तसं मी म्हणाले नाही, कारण रिक्षात तू जिंकल्यासारखं तोंड केलं होतंस.

घाटकोपरचे दिघे काका आठवतात? ते तर आपण जन्मात विसरणार नाही असं म्हणायचो. सोसायटीचे सेक्रेटरी, रिटायर्ड, कपाळावर चष्मा. ‘मला मान्य आहे’ हे बटण आलं आणि काका थांबले. वरचा सगळा मजकूर वाचला. सगळा. आजवर जगात तो कोणीच वाचला नव्हता, मीसुद्धा नाही. मग म्हणाले, ‘हे मी एकटा कसं मान्य करू? मी सेक्रेटरी आहे, मालक नाही. कमिटीचा ठराव लागेल.’ आणि त्यांनी खरंच कॉम्प्युटर बंद केला. आपण फरसाण खाऊन परत आलो. पुढच्या महिन्यात त्यांचा तुला फोन, ‘मॅडम, ठराव पास झाला. कलम सातवर एका सभासदाची हरकत आहे, ती नोंदवून घेतली आहे. आता बटण दाबू का?’

फरसाण खाऊन परतताना मेट्रोत आपण इतक्या हसलो होतो की शेजारची बाई उठून लांब जाऊन बसली. पण हसून झाल्यावर तू एकदम म्हणालीस, ‘बरोबर आहे ना पण त्यांचं. आपण सगळ्यांना खोटं मान्य करायला लावतो.’ तुझं हे असं असायचं. मजा करता करता मध्येच खिळा ठोकायचीस.

भांडणं तर आपली ठरलेली. त्यातलं एक कधीच मिटलं नाही. किती वेळ थांबायचं? तू म्हणायचीस, माणूस स्वतः वळून विचारेपर्यंत. मी म्हणायचे, आणि विचारलंच नाही तर? काही माणसं मरतील पण विचारणार नाहीत. तू म्हणायचीस, ‘मग समजायचं, स्क्रीन चुकलाय. माणूस नाही.’ मी म्हणायचे, हे बोलायला छान आहे, पण तोवर तो माणूस तिथे रडकुंडीला येतो त्याचं काय? यावर तू खांदे उडवायचीस. तुझं ते खांदे उडवणं इतकं चीड आणणारं होतं, आणि ते पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा मला भांडायलाही सुचेना.

दुसरं भांडण सॉफ्टवेअर काढून टाकणाऱ्यांवरून. कोणी आपलं सॉफ्टवेअर काढायला लागला की त्याला शेवटी विचारावं, का काढताय, असं तुझं म्हणणं. मला ते अजिबात पसंत नव्हतं. जाणाऱ्याला दारात अडवून चौकशा करायला आपण काय सासू आहोत? तू म्हणालीस, ‘राहणारे गोड बोलतात गं. जाणाराच काय ते खरं सांगतो.’ मी तो स्क्रीन केला नाही. तू दर वेळी मागितलास, मी दर वेळी पुढच्या खेपेला म्हणाले. आपलं सॉफ्टवेअर आजही काढलं की गुपचूप निघून जातं, काही न विचारता.

तुझ्या आजाराची सुरुवातही माऊसवरूनच झाली. ‘हा माऊस बदल गं, दोनदा दाबला जात नाही.’ मी बदलून दिला. तोही दाबला जाईना. मग कुलपात किल्ली फिरेना, मग डब्याचं झाकण. काकी, म्हणजे तुझी आई, त्यांना वाटलं अशक्तपणा आहे, त्यांनी नाचणीचं सत्त्व सुरू केलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा आपण दोघी त्यांच्यासमोर बसलो होतो. नसा एकेक करून स्नायूंची साथ सोडतात, औषध नाही, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. तू विचारलंस, ‘किती वेळ?’ ते म्हणाले, सांगता येत नाही. मी भडकले, बाहेर येऊन म्हणाले, एवढं शिकून हे सांगता येत नाही? तू म्हणालीस, ‘खोटी पट्टी दाखवली नाही त्याने. बरा माणूस आहे.’

मला लगेच कळलं तू कुठल्या पट्टीबद्दल बोलतेस. आपल्या इन्स्टॉलरमधली ती हिरवी पट्टी, जी नव्व्याण्णवपर्यंत सुसाट धावायची आणि मग तिथेच बसून राहायची. लोक कंटाळून वायर उपटायचे. तू मला बदलायला लावली होतीस. लोकांना थांबायला हरकत नसते, फसवलेलं आवडत नाही, हे तुझं म्हणणं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तुला ती पट्टी आठवली आणि मला रडू फुटलं. तू मला धरायला हात उचललास, तो अर्ध्यातच राहिला.

नंतरचं सगळं मी बघत बसले. त्याला दुसरा शब्द नाही. दहिसरला तुमच्या घरी शनिवार-रविवार यायचे, तुझ्या पलंगामागे त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. तू पेला उचलायला जायचीस, पेला हलायचा, पाणी सांडायचं. मी उठले की तू म्हणायचीस, ‘आपल्यात काय ठरलंय? मांडीखाली.’ हसत म्हणायचीस, पण मस्करी नव्हती. मी पुन्हा बसायचे. मला त्या नियमाची आता घृणा वाटते, नूतन. तेव्हाही वाटायची. तुझ्यासमोर बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण तो नियम तुझा होता, आणि तोवर तुझ्यापाशी तुझं म्हणून फारसं उरलं नव्हतं.

मग आवाज गेला. आपल्या भांडणातला सगळा मुद्दाच त्याने निकालात काढला. माणूस विचारेपर्यंत थांबायचं, ठीक. विचारायला जीभच हलत नसेल तर? तुला मी हे एकदा तोंडावर विचारलं. तू दोन्ही डोळे मिटलेस. एकदा मिटले म्हणजे ‘नाही’ असं आपलं ठरलं होतं. पण कशाला नाही म्हणालीस? थांबायला नाही, की मदतीला नाही, की हा विषयच नको? मी परत विचारलं नाही. तेवढा धीर झाला नाही.

एका संस्थेने डोळ्यांनी लिहायचं ते सॉफ्टवेअर दिलं, आणि स्क्रीनखाली चिकटवायचा छोटा कॅमेरा. अक्षराकडे बघत राहिलं की ते उमटतं, आणि वाक्य झालं की मशीन ते वाचून दाखवतं. मी बसवायला घेतलं आणि पहिल्याच स्क्रीनवर आलं, ‘सुरू करण्यासाठी कोणतंही बटण दाबा.’ जो माणूस बोट हलवू शकत नाही त्याच्यासाठी केलेलं सॉफ्टवेअर. मी इतकी शिवीगाळ केली की काकी आतून बाहेर आल्या. आणि तू हसत होतीस. आवाज नाही, ओठ नाही, नुसते डोळे. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट इन्स्टॉलेशन, आणि त्यातही तू मला हसताना दिसलीस. त्याबद्दल त्या मूर्ख स्क्रीनचे मी आभारच मानते.

मशीनचा आवाज हिंदी बातम्या देणाऱ्या बाईचा होता. ती बाई तुझं मराठी वाचायची. ‘शिल्पा, केस काप, भूत दिसतेस’ हे तिने त्या गंभीर सुरात वाचलं तेव्हा काकी पदर तोंडाला लावून हसल्या. शनिवार-रविवारी दुपारी मग हाच कार्यक्रम. काय जेवलीस, ऑफिसात कोण कोणावर खार खाऊन आहे, दिघे काकांचा फोन आला का. सहा शब्दांना अर्धा तास लागायचा. तू स्वतःच्या वाक्यांनाही कात्री लावायला लागलीस.

पण तुला ते पुरेसं नव्हतं. मान घसरली की कॅमेऱ्याला तुझे डोळे सापडेनासे व्हायचे, आणि मग सगळी जुळवणी पहिल्यापासून. चार स्क्रीन, प्रत्येकावर नजर रोखायचे ठिपके, आणि ‘पुढे’ हे बटण खाली उजव्या कोपऱ्यात. दर वेळी कोणीतरी माऊसने ते दाबून द्यावं लागे. काकी स्वयंपाकघरात असल्या, खाली भाजी आणायला गेल्या, तर तू गप्प. शेजारी मशीन चालू, डोकं लख्ख, आणि तू गप्प. तू लिहिलंस, ‘मला एकटीला सुरू करता आलं पाहिजे.’ मशीनने ते दोनदा वाचलं, कारण मी पहिल्यांदा ऐकूनही काही बोलले नाही.

ती दुपार मला सारखी आठवते. तू डोळ्यांनी खूण केलीस, मागे बस. मी बसले. हात कुठे ठेवायचे ते सांगावं लागलं नाही. तू जुळवणी सुरू केलीस. मधले ठिपके तुला जमले. मग कोपरा. स्क्रीनवरचा बाण तुझ्या नजरेमागे सरकत खाली जायचा, बटणाच्या जवळ पोचायचा आणि निसटायचा. मान वळत नव्हती ना. डोळा एकट्याने तिथवर जात नव्हता. पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा निसटला. तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते रडणं होतं की ताण, मला अजून माहीत नाही. माझ्या मांडीखाली माझे हात बधिर झाले. मी म्हणाले, ‘नूतन, दाबू?’ तू डोळे मिटलेस. नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मी तिथे बसले होते, हातभर अंतरावर, दोन्ही हात धडधाकट, इन्स्टॉलर बनवणं हा माझा धंदा, आणि माझा उपयोग शून्य.

शेवटी काकी पेजेचं भांडं घेऊन बाहेर आल्या. आपल्या दोघींकडे बघितलं. ‘किती येळ बघीत बसतलंस गो पोरीक?’ असं मला मालवणीत म्हणाल्या आणि सरळ वाकून ‘पुढे’ दाबलं. त्यांना नियम-बियम काही नाही. तू त्यांच्याकडे असं रागाने बघितलंस की त्या म्हणाल्या, ‘डोळे कित्याक वटारतंस? तुझी आवस आसंय मी.’ आईच ती; तुझे डोळे हसले. मीही हसले.

मग तू लिहायला लागलीस. सावकाश, एकेक अक्षर. मी खुर्ची पुढे ओढली. मला वाटलं, आता काहीतरी माझ्यासाठी आहे. खोटं कशाला बोलू, मला हवं होतं. एवढ्या वर्षांत आपण एकमेकींना एकही गोड शब्द बोललो नाही, आपली पद्धतच नाही ती, पण त्या दुपारी मला वाटलं की तू बोलशील. वाक्य पुरं झालं. हिंदी बातम्यांच्या बाईने वाचलं, ‘पुढेचं बटण मधे हवं. कोपऱ्यात डोळा जात नाही. त्यांना कळव.’

मी थांबले. अजून काही येईल म्हणून थांबले. तू डोळे मिटलेस, पण ते ‘नाही’ नव्हतं, दमली होतीस. मी जरा रागातच बॅग उचलली. ‘येते गं पुढच्या शनिवारी,’ म्हणाले. त्या शनिवारच्या आधीच तुला खोकला झाला, छातीत कफ भरला, आणि हॉस्पिटलात कॅमेरा लावून काही बोलायची वेळच आली नाही. म्हणजे तू मला म्हटलेलं शेवटचं वाक्य एका बटणाबद्दल आहे. तुझ्या तेराव्यापर्यंत मी या गोष्टीवरून तुझ्यावर चिडून होते. कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, डोक्यावर परिणाम झालाय हिच्या.

तरी मी कळवायला गेले, बरं का. त्या कंपनीच्या साइटवर शोध शोध शोधलं. विकत घ्यायला चार ठिकाणी बटणं, तक्रार सांगायला एक नाही. एक पत्ता सापडला, त्यावरची मेल परत आली. संस्थेतल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, आम्हालाही ते फक्त पाठवतात, आमचं कोण ऐकतं. मला तुझं फोनचं टेबल आठवलं. निदान आपल्याकडे लोकांना रडायला एक नूतन होती.

मधेच दिघे काकांचा फोन आला. तुझा नंबर लागेना म्हणून त्यांनी ऑफिसात केला. मी सांगितलं. आठवड्याने पुन्हा फोन. ‘मॅडम, काल मीटिंग होती. आम्ही दुखवट्याचा ठराव घेतला. सर्वानुमते.’ मग म्हणाले, ‘एरवी आमच्याकडे चहाच्या ब्रँडवरही एकमत होत नाही हो. प्रत कोणाला पाठवू?’ मी म्हणाले, तिच्या आईला पाठवा. फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन बसले. तिथे मात्र मनसोक्त रडले. बघ, तुझ्या एका गिऱ्हाइकाने तुझं जाणंही नियमाप्रमाणे मंजूर करून घेतलं. मला मात्र ते अजून मान्य नाही, आणि माझी हरकत कुठे नोंदवायची हे मला माहीत नाही.

आता कालचं सांगते. हा लेख खरं तर कालच्यासाठीच लिहिते आहे.

संस्थेकडून निरोप आला होता की मुलुंडला एका गृहस्थांना हाच आजार आहे, बोलणं गेलं आहे, त्यांची बायको कॅमेऱ्याची वाट बघते आहे. पण ते सॉफ्टवेअर एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर चालतं. आधी तुझ्या लॅपटॉपवरून काढायचं, मगच तिकडे बसणार. मी काकींना फोनवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ये. एवढंच.

मी गेले तेव्हा लॅपटॉप टेबलावर पुसून ठेवलेला होता. मी बसायला गेले तर म्हणाल्या, ‘तू नको हात लावू. माझ्या चेडवाचा हा. मी काढतंय. तू नुसता सांग.’ लेकीचं ते त्यांनाच काढायचं होतं. त्या खुर्चीत बसल्या, माऊस दोन्ही हातांनी धरला. मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. माझे हात आपोआप मांडीखाली गेले. काकींना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी एकेक ओळ मराठीत सांगत होते, त्या शोधून दाबत होत्या. नक्की काढायचं? हो. पुन्हा एकदा, नक्की? काकी पुटपुटल्या, ‘किती येळा इचारतत मेले.’ तुला आवडलं असतं. अगदी हेच तू मला सांगायचीस.

आणि मग तो स्क्रीन आला. तुझा स्क्रीन, नूतन. मी कधीच न केलेला. ‘तुम्ही जात आहात याचं आम्हाला वाईट वाटतं. कारण सांगाल का?’ खाली चार पर्याय. वापरायला अवघड होतं. याहून चांगलं मिळालं. आता गरज उरली नाही. इतर.

मी वाचून दाखवलं, मराठीत, एकेक. काकींचा हात माऊसवर तसाच राहिला. पंखा फिरत होता. मग त्या खुर्चीत मागे वळल्या आणि त्यांनी विचारलं, ‘शिल्पा गो, ह्यातला खयचा दाबू?’

माणूस वळून विचारेपर्यंत थांबायचं. विचारलं की सांगायचं. इतकी वर्षं तू हेच शिकवलंस. मी हात बाहेर काढले. मी म्हणाले, ‘काकी, तिसरं दाबा. गरज उरली नाही.’ ‘गरज नाय कशी?’ त्या म्हणाल्या. ‘माका अजून व्हया तिचा बोलणा.’

मग त्यांनीच बाण चौथ्यावर आणून दाबलं. खाली रिकामा चौकोन उघडला, कारण लिहा म्हणून. ‘लिव काय ता,’ म्हणाल्या आणि खुर्ची सोडून उठल्या. मी बसले. त्या चौकोनाकडे बघताना माझ्या लक्षात आलं की त्या कंपनीच्या सगळ्या दुनियेत माणसाने काही सांगावं अशी ही एकच जागा आहे, आणि ती जाताना उघडते. तू म्हणायचीस ते काय वेगळं होतं? आणि हेही लक्षात आलं की ‘त्यांना कळव’ म्हणजे तू मला काम सांगितलं होतंस. जिने पेला उचलून द्यायला सांगितलं नाही, बटण दाबायला सांगितलं नाही, तिने एक गोष्ट मला करायला सांगितली होती, आणि मी त्यावरून रुसून बसले होते.

मी लिहिलं. आधी तुझं वाक्य मराठीत, जसंच्या तसं, मग खाली इंग्रजीत. ‘पुढेचं बटण मधे हवं. कोपऱ्यात डोळा जात नाही.’ त्यात माझं काही घालायचा मोह झाला, दोन परिच्छेद तरी सहज झाले असते. घातले नाहीत. ‘पाठवा’ हे बटण कुठे होतं सांगू? खाली, उजव्या कोपऱ्यात. काकी वाकल्या आणि त्यांनीच ते दाबलं.

पट्टी धावली, सॉफ्टवेअर निघून गेलं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझला. मग शेवटचा स्क्रीन आला, दोन ओळींचा.

‘काय म्हणतत?’ काकींनी विचारलं.

मी वाचलं, मग पुन्हा वाचलं. ‘धन्यवाद म्हणतात. उत्तर पाठवतो म्हणतात.’

‘कोणाक?’

‘नूतनला. तिच्या मोबाइलवरच्या मेलवर.’

काकींनी लॅपटॉप मिटला, कॅमेरा काढून एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. देव्हाऱ्याखालच्या खणातून तुझा मोबाइल काढला, पदराने पुसला आणि तोही माझ्यापुढे धरला.

‘बंद पडलो आसा,’ त्या म्हणाल्या. ‘चार्जिंगक लाव गो.’

मी लावला.